झालेलं काम नव्या प्लॅनमध्ये

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून बाबांचं सगळं प्लॅनप्रमाणे.

दोन महिने झाले बाबांना झटका येऊन. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं आणि तेव्हापासून या घरात जो तो आपल्या मनाने वागतोय. बायको पाय चोळते, फिजिओ येऊन हात हलवून जातो, दिवसाच्या मावशी कूस बदलतात. पण कुठवर आलोय, पुढे काय, तारीख काय, कुणाला पत्ता नाही. मी ऑफिसात पाच मजली पार्किंगच्या इमारतीचा प्लॅन सांभाळतो. शेकडो कामं, प्रत्येकाला नंबर, तारीख, किती टक्के झालं ते. आणि घरात माझा सख्खा बाप बिनतारखेचा पडून आहे. लाज वाटली पाहिजे होती, मला नव्हे, या सगळ्यांना.

ऑफिसचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आहेच. दुपारी बसून प्लॅन केला, नाव दिलं 'बाबा'. दहा नंबरला कूस बदलणे. वीसला गिळणे. तीसला उशीला टेकून बसणे. चाळीसला धरून बसणे. पन्नासला धरून उभे राहणे. असं करत करत शेवटचं काम, तारीख ३१ मार्च : बाबा स्वतः दारापर्यंत चालत जातात.

प्रिंट काढून बाबांच्या खोलीत कपाटावर चिकटवली. बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, हळू.

झटक्यानंतर बाबांना एवढा एकच शब्द येतो. चहा दिला की हळू, टीव्ही लावला की हळू, डास चावला तरी हळू. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, असा एखादा शब्द अडकून बसतो, त्याला काही अर्थ असतोच असं नाही. त्यामुळे मी तो होकार धरला.

बायको प्रिंट बघून म्हणाली, ह्यात मी कुठे आहे? मी म्हटलं, तू रिसोर्स. तोंड फिरवून गेली. कौतुक करायची या घरात पद्धतच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प : रोज पहाटे उठून बाबांचे पाय मी स्वतः हलवणार.

आज गजर झाला नाही. झाला असावा, पण फोन हिच्या बाजूला होता.

४ फेब्रुवारी

झाला. बंद केला. संकल्पाची सुरुवात मंगळवारी करू नये, आठवडा अर्धवट राहतो. येत्या सोमवारपासून नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याची प्रगती एकदम भरली. रोज भरत बसणं हे हौशी लोकांचं काम. कूस बदलणे शंभर टक्के (मावशी बदलतात, पण बदलली जाते ना). गिळणे सत्तर. गिळण्याचं श्रेय थोडं हिला द्यायला हवं. चहात ती घट्ट करायची पावडर घालून, चमच्याने, एकेक घोट, खाली गेला का बघत. अर्धा कप चहाला अख्खा तास. मी एकदा बसलो होतो. अर्धा तास काढला, मग एक फोन आला.

संध्याकाळी ताईचा फोन. तिचं जुनंच सुरू : बाबांना माझ्याकडे पाठव, माझं घर तळमजल्यावर, जवळच अशा पेशंटांचं सेंटर आहे, रोज गाडी न्यायला येते. मी म्हटलं, ताई, बाबा इथेच राहतील, माझ्याकडे प्लॅन आहे. ती म्हणाली, अरे, प्लॅन तर तुझ्याकडे दहावीलाही होता. हे अनावश्यक होतं.

शेवटी मीच सांगून टाकलं, ३१ मार्चपर्यंत बाबा उभे राहून चालले नाहीत तर खुशाल घेऊन जा. चालले तर हा विषय कायमचा बंद. ती म्हणाली, ठीक आहे, बाबांचा जीव टांगणीला लावू नकोस म्हणजे झालं. फोन ठेवल्यावर ही विचारते, बाबांना विचारलं का? आता बाबा काय सांगणार? हळू?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात डोकं उठलं.

पार्किंगचा प्लॅन सुधारून नव्याने केला होता. अशा वेळी जुन्या प्लॅनमध्ये जी प्रगती नोंदलेली असते ती नव्यात आणावी लागते. सॉफ्टवेअरच विचारतं, झालेलं काम नव्या प्लॅनमध्ये न्यायचं का. हो म्हटलं की नंबराला नंबर जुळवून सगळं आपोआप येतं. मी हो म्हटलं. आता नव्या प्लॅनमध्ये मी काही कामं काढली होती आणि नंबर नीट ओळीने लावून घेतले होते. एवढ्याशा गोष्टीने जुन्या प्लॅनमधल्या खोदाईचे टक्के नव्या प्लॅनमधल्या रंगकामाला जाऊन चिकटले. साइट इंजिनिअरचा फोन, तोही स्पीकरवर : चौथ्या मजल्याचा रंग झालाय म्हणे, फक्त चौथा मजला कुठे ठेवलाय तेवढं सांगा.

सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. चूक सॉफ्टवेअरची आहे. रंग आणि खोदाई यातला फरक ज्याला कळत नाही ते कसलं सॉफ्टवेअर?

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, ते बटण दाबायच्या आधी एकदा साइटवर जाऊन बघत चला. साइट शहराच्या त्या टोकाला आहे. जायला पेट्रोल कोण देणार, साहेब?

निदान घरच्या प्लॅनला ही भीती नाही. तिथली साइट पलीकडच्या खोलीत आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गजर झाला. उठलो. बाबांच्या खोलीत गेलो तर ही आधीच पाय हलवत होती. दोघं करून काय उपयोग. झोपलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठा दिवस. बाबा बसले.

फिजिओने पाठीमागून धरलं, ही गुडघ्याशी बसली, मावशींनी उजवा खांदा सावरला आणि बाबा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले. मान थोडी कलत होती. मी फोटो काढला. फोटोत तिघंही येत होते, ते कापले. चाळीस नंबर, धरून बसणे : शंभर टक्के.

फिजिओला विचारलं, आता पन्नास नंबर कधी, उभं कधी करायचं? तो म्हणतो, कंबर अजून धरत नाही, घाई नको, सोडलं की बाबा बटाट्याच्या पोत्यासारखे कलंडतात. माझ्या बापाला पोतं म्हणतो. टक्के विचारले तर म्हणतो, बरं चाललंय. बरं म्हणजे किती? या लोकांना आकड्यांचं वावडंच असतं.

२ मार्च, रविवार

प्लॅन मागे पडलाय. माझ्यामुळे नाही.

मावशींची पाठ धरली, त्या गेल्या. फिजिओच्या घरी आजारपण, तो तीन आठवडे येणार नाही. जाताना बजावून गेला, जेवढं चाललंय तेवढंच करा, नवं काही नको. आणि हिने चष्म्याच्या दुकानातली निम्मी रजा संपवली, आता शनिवार-रविवारही भरून द्यावे लागणार. म्हणजे रिसोर्स तिन्ही बाजूंनी कमी. अशात कुठलाही प्लॅनर हेच म्हणेल, प्लॅन नव्याने करा.

बाबांशी बोलायला बसलो. त्यांना समजावलं, की तारीख पाळणं किती महत्त्वाचं असतं. बाबा म्हणाले, हळू. वैताग आला. बाबांनी जन्मभर रोडरोलर चालवला, त्याचाच हा परिणाम. लहानपणी मला शेजारी बसवायचे. मी ओरडायचो, बाबा जोरात चालवा ना. ते म्हणायचे, हळू रे, रस्ता खाली बसला पाहिजे. सगळ्या गाड्या पुढे निघून जायच्या. मला शरमल्यासारखं व्हायचं.

तेव्हा त्यांचा हात माझ्या पाठीवर असायचा, पडू नये म्हणून. हे उगाच आठवलं.

८ मार्च, शनिवार

नवा प्लॅन तयार. सुटसुटीत. 'कूस बदलणे' काढून टाकलं, ते काय काम आहे? बाकीचे नंबर ओळीने लावून घेतले. मग सॉफ्टवेअरने विचारलं, झालेलं काम नव्या प्लॅनमध्ये न्यायचं का. न्यायचं तर, आयुष्यात तेवढंच तर हाती आहे. हो.

आणि काय सांगू. प्लॅन उघडला तर हिरवागार. चाळीस नंबर, धरून उभे राहणे : शंभर टक्के.

मी दोनदा बघितलं. आधी वाटलं, असं कसं? बाबा उभे कधी राहिले? मग नीट विचार केला. फिजिओ दुपारी यायचा, मी ऑफिसात. हिला काही सांगायची सवय नाही. आणि रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, मुलं कशी डोळ्यासमोर वाढतात आणि पाहुणे आल्यावर कळतं. मीच कधीतरी भरलेलं असणार, त्याशिवाय आलं कुठून? सॉफ्टवेअर काही मनाने टक्के लावत नाही.

पलीकडच्या खोलीत जाऊन बघणार होतो. बाबा झोपले होते. उगाच झोपमोड कशाला.

नवी प्रिंट जुन्या प्रिंटवर चिकटवली.

१० मार्च, सोमवार

नव्या मावशी आल्या. माणूस बरा वाटला, कामाला वाकणारा. त्यांनी विचारलं, दादा, आजोबा बसतात का, उभे राहतात का? मी कपाटाकडे बोट दाखवलं. म्हटलं, उभं राहणं झालंय, मागेच. मावशी बाबांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर असेल.

ही दुकानातून आली, प्रिंट बघितली आणि तिथेच उभी राहून म्हणाली, बाबा उभे कधी राहिले? मी म्हटलं, नोंद आहे. ती म्हणाली, अहो, मी रोज त्यांचं अंग पुसते. मी म्हटलं, अंग पुसणं वेगळं आणि प्रगती वेगळी. ती बाबांचं पांघरूण सारखं करायला वळली. 

तिला आकडे दाखवले की ती नेहमी अशी भावनेवर जाते.

१५ मार्च, शनिवार

ताईचा फोन. कसे आहेत बाबा? म्हटलं, उभे राहतात. ती म्हणाली, काय सांगतोस. आवाज एकदम वेगळा झाला, लहानपणी सर्कशीत व्हायचा तसा. मग म्हणाली, मला बघायचंय रे. उद्या व्हिडिओ कॉल लाव.

लावतो म्हटलं.

हिला सांगितलं नाही. उद्या तिचं दुकान आहे आणि आजकाल ती प्रत्येक गोष्टीत खोडा घालते. तिला नंतर एकदम सरप्राइज देऊ.

१६ मार्च, रविवार, सकाळी

बाबांची दाढी मी स्वतः केली. दोन ठिकाणी कापलं, पण थोडंच. इस्त्रीचा सदरा घातला. पलंगासमोर वॉकर आणून ठेवला. बाबा वॉकरकडे बघतात, मग माझ्याकडे. उत्साह दिसतो डोळ्यांत. मावशींना सांगितलं, तुम्ही उजवीकडून धरा, मी डावीकडून. एका हातात मला फोन धरावा लागेल, ताईला पूर्ण दिसलं पाहिजे, डोक्यापासून पायापर्यंत.

मावशी म्हणतात, ताईंना येऊ द्या ना दुकानातून. ताई म्हणजे त्यांच्या लेखी माझी बायको. जो तो तिचंच नाव घेतो.

आजनंतर नाही घेणार.

१६ मार्च

बाबा पडले.

१८ मार्च, मंगळवार

खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं. आत रॉड घातलाय.

नीट लिहून काढतो, म्हणजे कुणाची काय चूक ते स्पष्ट होईल. कॉल लागला. मी म्हटलं, बघ ताई. बाबांना उठवलं. मावशींनी उजवीकडून जोर लावला. बाबा म्हणाले, हळू. मी ताईला म्हटलं, ऐकलंस, बोलतातसुद्धा. बाबा पुन्हा म्हणाले, हळू, हळू. डाव्या हाताने त्यांनी माझा सदरा धरला होता. मी फोन जरा लांब नेला, पाय दिसत नव्हते म्हणून. तेवढ्यात ते हातातून गेले.

मावशींनी नीट धरलं नाही. वॉकरच्या एका पायाचं रबर झिजलेलं होतं. फरशी नुकतीच पुसलेली होती. फिजिओने इतके दिवस सुट्टी घ्यायला नको होती.

ताईला फोनमधून नुसतं छत दिसत होतं. तिने मला नंतर सांगितलं, छत दिसत होतं आणि बाबांचा आवाज येत होता. ती मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सदऱ्याचं बटण तुटलंय. लावायला हिला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

२१ मार्च

बाबा बोलत नाहीत. हळूसुद्धा म्हणत नाहीत. ड्रेसिंगच्या वेळी नर्स पाय हलवते तेव्हा नुसते छताकडे बघतात. मी तीनदा विचारलं, बाबा, चहा देऊ? बाबा, टीव्ही लावू? मुद्दाम घाईने चमचा पुढे केला, की म्हणतील. तोंड उघडलं नाही.

वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. यापुढे काय लिहायचं कळत नाही.

२५ मार्च, मंगळवार

बाबांना घरी आणलं. ताई आलीये. सोमवारी घेऊन जाणार. तारीख मीच दिली होती.

ताई म्हणाली, तिकडच्या सेंटरला सांगावं लागेल, बाबा पडायच्या आधी काय काय करत होते. नक्की सांग, अंदाजे नको. म्हणून दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी उघडले.

जुन्या प्लॅनमध्ये चाळीस नंबरला धरून बसणे. नव्यात चाळीस नंबरला धरून उभे राहणे. मी कूस बदलणे काढलं, त्यामुळे सगळं एकेक घर वर सरकलं. बसण्याचे टक्के उभं राहण्याला लागले.

एवढंच.

बाबा कधी उभे राहिलेच नव्हते. बसायचे तेही तीन माणसांनी धरल्यावर.

ताईने बाहेरून विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, लॅपटॉप हँग झालाय. तिला माझ्याकडून काही मिळालं नाही. हिने सगळं तोंडी सांगितलं, दिवसागणिक. किती वेळ मान धरायचे, कुठल्या बाजूने घोट घेतला की ठसका लागायचा, कुठल्या पायाच्या अंगठ्यात थोडी हालचाल आली होती. अंगठ्याचं मला माहीत नव्हतं. ताई लिहून घेत होती. मी दारात उभा राहून ऐकलं.

मावशी त्या रविवारपासून आल्या नाहीत. त्यांनी शेजारणीकडे निरोप ठेवलाय, माझ्या हातून आजोबा पडले, मला तोंड दाखवायची लाज वाटते. त्यांना फोन करून सांगायला हवं. उद्या करतो.

२६ मार्च

फोन केला नाही. रेंज नव्हती.

३१ मार्च, सोमवार

सकाळी ॲम्ब्युलन्स आली. दोन माणसं, स्ट्रेचर, तीन मजले, लिफ्ट नाही. मी पुढे राहून सांगत होतो. डावीकडे घ्या, पाय आधी, उचला, आता चला चला. ताईला उन्हाच्या आत निघायचं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर कठड्याला घासलं आणि बाबा म्हणाले, हळू.

पडल्यानंतरचा पहिला शब्द. मी त्या माणसांना सांगणार होतो, की तो शब्द अडकलेला आहे, त्याला काही अर्थ नसतो, तुम्ही चला. तेवढ्यात पुढचा माणूस थांबलाच. म्हणाला, बरं काका. आणि मागच्याला म्हणाला, काकांना दुखतंय, हळू घे. दोघं हळू झाले. एकेक पायरी, मध्ये थांबून. पुढच्या दोन्ही वळणांवर बाबा काही बोलले नाहीत, गरज पडली नाही.

ही वरच, पायरीवर बसून रडली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती सरकली नाही.

गाडीत ठेवल्यावर मी बाबांचा डावा हात धरला. त्यांनी माझा हात धरला नाही. ताई म्हणाली, पोचलो की फोन करते.

दुपारी लॅपटॉप उघडला. शेवटच्या कामाची तारीख आजचीच, बाबा दारापर्यंत. समोर टक्क्यांचा चौकोन रिकामा. काही भरलं नाही. बाबांचे दोन्ही प्लॅन काढून टाकायला घेतले तर सॉफ्टवेअरने विचारलं, झालेलं काम दुसऱ्या प्लॅनमध्ये न्यायचं का? प्लॅन निवडा. खाली एकच नाव होतं. पार्किंग.

बटण दाबायच्या आधी साइटवर जाऊन बघत चला, असं साहेब म्हणतात. उठलो आणि पलीकडच्या खोलीत गेलो. कपाटावरच्या प्रिंट हिने काढल्या होत्या, चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते. पलंगाच्या कडेला, जिथे बाबांना तिघं मिळून बसवायचे, तिथे गादी थोडी खाली बसलीये. त्या जागी हात ठेवून बघितला.

परत आलो आणि 'नाही' दाबलं.